जिभेवरचा गूळ

"…रोजे तेच, चंद्र तोच, नमाजसुद्धा तीच. मग ती ईद गेली कुठं, उस्ताद?"

मशिदीच्या ओट्यावर फडकं पसरून पापामियाँ उस्ताद बत्त्यानं गुळाची ढेप फोडत होते. डोळ्यांना आता उजेड आणि अंधार एवढाच फरक कळायचा. तरी खडे सुपारीएवढे, एकसारखे पडत होते.

विचारणारा काही ऐरागैरा नव्हता. मौलाना निजामुद्दीन होता तो. मोठ्या शहरातल्या मदरशात शंभर मुलं त्याच्यापुढं मान खाली घालून बसायची. त्याच्या भाषणांच्या कॅसेटी निघाल्या होत्या आणि लोक त्या गाडीत लावून ऐकायचे. या नदीकाठच्या गावात मात्र तो अजून गुळव्यांचा निजामच होता. ते त्याला फारसं रुचत नसे.

याच ओट्यावर उस्तादांनी त्याच्याकडून अलिफ-बे गिरवून घेतलं होतं. तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि रमजान ऐन थंडीत यायचा.

रमजान हा फिरता महिना. दरसाल दहा-अकरा दिवस मागं सरकतो, पावसाळा-उन्हाळा ओलांडतो आणि तेहतीस वर्षांनी पुन्हा त्याच थंडीत येऊन उभा राहतो. यंदा तो तसा आला होता. म्हणून तर निजाम चाळिशीत गावी आला होता, आणि घरी न जाता मशिदीत उतरला होता. तीच थंडी, तोच महिना, तोच गाव… ईदही तिथंच कुठंतरी सापडेल, अशी त्याची भाबडी समजूत. एवढा शिकलेला माणूस, पण समजूत अशी.

एकोणतिसावा रोजा होता. उन्हं उतरली होती. तासाभरात चंद्र दिसला तर उद्या ईद.

"कशी हुती रं ती ईद?" उस्तादांनी विचारलं. बत्ता थांबला नव्हता.

निजामचा चेहराच सैलावला.

"पहाटे दादा विहिरीवर नेऊन आंघोळ घालायचा. पाण्यातून वाफ निघायची. अम्मीनं महिनाभर आधीच पाटावर शेवया वळून ठेवलेल्या असायच्या. आमच्याकडं शिरखुर्मा कुठला… गुळवणी करायची आणि वर नारळाचं दूध. पण काय चव, उस्ताद! शहरात मला बदाम-पिस्ते घातलेला शिरखुर्मा वाटीवर वाटी आणून देतात. दोन घास खातो आणि ठेवून देतो."

"आन्?"

"आणि तुमचा गूळ. गावात खजूर मिळायचा नाही, म्हणून ईदगाहकडं निघायच्या आधी तुम्ही प्रत्येकाच्या तळहातावर असाच एक खडा ठेवायचात. रोजे संपले, आता तोंड गोड केल्याशिवाय निघायचं नाही, म्हणायचात."

"आन्?"

"त्याच्या आधीचे रोज्यांचे दिवस… गुऱ्हाळ सुरू असायचं. दादाचा रोजा, मग पाकाची चव कोण बघणार? तो मला काहिलीजवळ बोलवायचा. माझ्या जिभेवर थेंब ठेवायचा आणि विचारायचा, 'खारट का गोड?' मी म्हणेन ते खरं. मी गोड म्हटल्याशिवाय काहील उतरायची नाही. एवढी मोठी माणसं माझ्या तोंडाकडं बघत उभी असायची…"

तो हसला. मग त्याच्या ध्यानात आलं. दादा हा शब्द नऊ वर्षांनी त्याच्या तोंडून गेला होता. एकदा नव्हे, दोनदा.

"बोल की. थांबलास का?"

"…पुढचं आठवत नाही."

"बरं."

बत्ता पुन्हा पडू लागला.

आठवत नव्हतं असं काही नव्हतं. चांगलं लख्ख आठवत होतं.

दादा म्हणजे त्याचा भाऊ गौस, त्याच्याहून पंधरा वर्षांनी मोठा. बाप गेल्यावर त्यानंच निजामला वाढवलं. धंद्यानं तो गुळव्या. उसाचा रस काहिलीत आटतो, तेव्हा पाक नेमका कधी उतरवायचा हे सांगणारा माणूस म्हणजे गुळव्या. क्षणभर उशीर झाला तर गूळ करपतो, आणि रस निवळायला घातलेला चुना जास्त पडला तर खारट होतो. गौसच्या हातचा गूळ म्हटला की लोक ढेप फोडून बघायचे नाहीत.

अकराव्या वर्षी निजाम मदरशात गेला. वेशीपर्यंत गौस त्याची ट्रंक डोक्यावर घेऊन आला होता.

मोठा मौलाना होऊन निजाम नऊ वर्षांपूर्वी रमजानात गावी आला, तेव्हा मार्च महिना होता. हंगामाचे शेवटचे दिवस, वर ऊन आणि खाली चुलवाणाचा जाळ. सत्ताविसाव्या रोज्याला तो गुऱ्हाळाकडं गेला आणि दारातच थबकला.

गौसनं पाकाचा थेंब बोटानं उचलला आणि आपल्या जिभेवर ठेवला.

निजाम तसाच मागं फिरला. काही विचारलं नाही. विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? पण तेव्हा त्याला विचारायची नव्हे, सांगायची सवय लागली होती.

तीन दिवसांनी ईद. नमाजेआधीचं भाषण गावानं कौतुकानं त्यालाच दिलं. पहिल्या रांगेत गौस बसला होता. धुतलेला सदरा, डोक्याला रुमाल. भाऊ बोलणार म्हणून सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता.

आणि निजाम म्हणाला होता, "जे भर रमजानात गुऱ्हाळावर बसून तोंड गोड करतात, त्यांची कसली ईद? त्यांनी पहिल्या रांगेत तरी बसू नये."

गावात गुऱ्हाळ एकच. गुळव्याही एकच.

गौस उठला. चपला हातात घेतल्या. सगळ्या रांगांच्या मधून, माणसांच्या गुडघ्यांना धक्का लागू नये असं जपून चालत तो बाहेर गेला. नमाज न पढता.

त्यानंतर त्याच पावसाळ्यात निजाम मदरशात मुलांना रोज्याचा धडा शिकवत होता. तीच ओळ त्यानं याआधी किती वेळा वाचली असेल, पण त्या दिवशी ती त्याच्या डोळ्यांपुढं येऊन बसली. ज्याचं काम चवीशिवाय होत नाही, त्यानं जिभेवर चव घेतली आणि न गिळता थुंकून टाकली, तर त्याचा रोजा तुटत नाही.

गौस थुंकला होता का? निजाम तेवढा वेळ थांबलाच नव्हता. पण आपल्या भावाला तो ओळखत होता, आणि उत्तर त्याला ठाऊक होतं.

त्यानं पान उलटलं. पुढचा धडा घेतला. नऊ वर्षं त्यानं ती ओळ मुलांना शिकवली आणि गावी एक पत्र लिहिलं नाही. मौलानांना चूक झाली असं म्हणायला फार जड जातं. आपल्यासारख्यांचं बरं असतं, आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो.

"निजाम," उस्ताद म्हणाले, "हात म्होरं कर."

तळहातावर गुळाचा खडा पडला.

"जिभंवर ठेव."

"उस्ताद! रोजा आहे माझा."

"माजा बी हाय. गिळू नगंस. चव बग आन् थूक. तुज्या किताबात चालतंय न्हवं?"

म्हणजे ती ओळ उस्तादांनाही ठाऊक होती. पण विद्वान माणूस, सवय सुटते थोडीच!

"गरज असेल तरच चालतं, उस्ताद. उगाच चाखणं बरं नव्हे."

"गरज हाय."

निजामनं खडा जिभेवर ठेवला.

पहाटेपासून तोंड कोरडं होतं. क्षणात ते पाण्यानं भरून आलं. घसा आपण होऊन पुढं सरकला. सगळं अंग त्या एका खड्याकडं धावलं… गिळ, गिळ म्हणू लागलं. तो धडपडत ओट्याच्या कडेला गेला आणि थुंकला. तोटीच्या तांब्यातल्या पाण्यानं एकदा, दोनदा, तीनदा चूळ भरली.

"निघाली का चव?"

"…नाही."

"किती येळा थुंकलास?"

"एकदाच."

"हं." उस्तादांनी फडक्यावर हात फिरवून खडे सारखे केले. "गुऱ्हाळावर दिवसाला काहिली किती उतरत्यात रं?"

निजाम गुळव्याचा पोर. त्याला ते सांगावं लागत नव्हतं. पाच. कधी सहा.

"आन् रोजे तीस."

निजामनं मनाशी गुणाकार केला. दीडशे वेळा.

"आदी त्याला थुंकावं लागत न्हवतं. त्याच्याजवळ दुसरी जीभ हुती," उस्ताद सहज म्हणाले. "ती शिकाय गेली."

उस्तादांनी फडक्याच्या चारी टोकांना गाठ मारली. मग नदीकडून आरडाओरडा झाला. चंद्र दिसला होता.

सकाळी धुकं होतं. अगदी तेव्हासारखंच. उस्तादांनी ओट्यावर जमलेल्या प्रत्येकाच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवला. निजामच्या तळहातावर मात्र काही ठेवलं नाही.

"मला नाही?"

"तुजा न्हाई माज्याकडं."

त्याला राग आला. चाळिशीच्या माणसाला, एका गुळाच्या खड्यासाठी! पण उस्तादांनी हात पुढं केला होता आणि आंधळ्या माणसाचा हात धरण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सकाळी उठल्यावर दोन खजूर खाऊन आलो आहोत, ते पुरे, असं म्हणत तो निघाला.

नदीकाठच्या वाटेनं ते ईदगाहला गेले. दबक्या आवाजात 'अल्लाहु अकबर'ची तकबीर म्हणत माणसं चालली होती. नवे कपडे सळसळत होते, अत्तराचा वास दाटला होता. गावकऱ्यांनी नेहमीप्रमाणे आग्रह केला. मौलाना, तुम्हीच बोला दोन शब्द. निजामनं मान हलवली आणि शेवटच्या रांगेत उस्तादांशेजारी जाऊन बसला. पहिल्या रांगेकडं त्याला बघवलं नाही.

नमाज झाली. गळाभेटी झाल्या. किती माणसं छातीला लागली, पण निजामच्या मनात काही हललं नाही. तीच गावची माती, तेच आवाज, आणि तो मात्र शहरातल्यासारखाच कोरडा.

"चल," उस्ताद म्हणाले.

निजाम नदीच्या वाटेला वळला. उस्ताद जागचे हलले नाहीत.

"ईदगाहला एका वाटंनं यायचं आन् दुसऱ्या वाटंनं परत जायचं. शिकवलंय न्हवं मी?"

दुसरी वाट मळ्यातून जात होती. गुऱ्हाळावरून.

"पैगंबरांची रीत आहे ती, उस्ताद. चांगलीच आहे. पण सक्तीची नाही. तुमच्या पायांना—"

"माज्या पायांचं मी बगतो. लहानपणी इचारलं हुतंस मला, दुसऱ्या वाटंनं का? मी काय सांगितलं हुतं?"

निजामला ते तोंडपाठ होतं. "…दोन्ही वाटांवरच्या माणसांना ईद मुबारक म्हणता यावं म्हणून."

"मग? त्या वाटंवर माणूस न्हाई का?"

उस्ताद एकटेच वळले आणि चालू लागले. चार पावलांवर खड्डा होता. निजामनं धावत जाऊन त्यांचा हात धरला.

मागून गावातली आणखी वीस-पंचवीस माणसं त्याच वाटेनं येत होती. दरवर्षी येत असावीत. निजामला ते ठाऊक नव्हतं.

थोडं चालल्यावर वास आला.

उकळत्या रसाचा वास. उसाच्या चिपाडाच्या धुराचा वास. दादाच्या सदऱ्याला यायचा तो वास… त्याच्या खांद्यावर बसून, रुमालाला धरून, याच वाटेनं घरी जातानाचा वास. शहरात तो ज्या ईदेसाठी झुरत होता, तिला हा वास होता, हे तो विसरूनच गेला होता.

"आज ईद… आणि गुऱ्हाळ सुरू?"

"दर ईदीला असतंय. मालक सुट्टी देतो, ह्यो घेत न्हाई." उस्ताद दम खायला थांबले. "रोजे सगळे धरतो गौस. एक सोडत न्हाई. ईद मात्र करत न्हाई. त्याची कसली ईद, असं कुनीतरी म्हनलं हुतं."

"उस्ताद…"

"त्या दिवशी मी उठाय पायजे हुतं. मी बसून ऱ्हायलो. माजा शागीर्द लई छान बोलतोय म्हणून ऐकत बसलो." त्यांचा आवाज जरा चिरकला. "म्हणून नऊ वरसं ह्या वाटंनं जातोय. पर त्याला पायजे ते माज्याजवळ न्हाई."

गुऱ्हाळाचं दार उघडं होतं. आत काहिलीवर वाफ दाटली होती. वाफेत एक पिकल्या दाढीचा माणूस, अंगात जुनी बंडी, लांब दांड्याच्या फावड्यानं पाक ढवळत होता. केवढा वाळला होता! निजामच्या डोळ्यांपुढं ट्रंक डोक्यावर घेतलेला तरणाबांड दादा होता.

"ईद मुबारक, गौस," उस्ताद दारातून म्हणाले.

"या उस्ताद. बसा, तिकडं चिपाड हाय त्यावर." गौसनं मान वर केली नाही. "कोन आलंय संगं?"

उस्तादांनी निजामचा हात सोडला.

मागची माणसंही येऊन थांबली होती. निजामनं घसा खाकरला. शंभर सभा गाजवलेला तो आवाज, आता नीट निघेना. त्यानं अरबीत एक वाक्य सुरू केलं, किताबाचं नाव घेतलं, पान सांगितलं…

"किताब ऱ्हाऊ दे," उस्ताद हळूच म्हणाले. "सरळ सांग."

निजाम थांबला. मागं वळून त्यानं माणसांकडं पाहिलं. त्यातले कित्येक त्या दिवशी ईदगाहवर होते.

"दादा," तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तुझा रोजा तुटला नव्हता. मी न विचारता बोललो. मला त्याच पावसाळ्यात कळलं होतं… आणि नऊ वर्षं मी सांगितलं नाही."

फावडं थांबलं.

चुलवाणात चिपाड तडतडत होतं. गौस काहिलीकडं बघत उभा राहिला. मग पुन्हा ढवळू लागला.

"ढवळायचं थांबलं की," तो कुणाला तरी बोलल्यासारखं म्हणाला, "पाक करपतोय."

निजाम तिथंच उभा राहिला. शेरवानीवर धुराचे कण बसत होते. त्यानं ते झटकले नाहीत. हा माणूस आता कधीच बोलणार नाही, असं त्याला वाटलं, आणि त्यात गौसचं काही चुकलं असंही म्हणता येणार नाही.

पाक दाटला. बुडबुडे मोठे होऊन फुटू लागले. गौसनं फावड्याच्या टोकावरचा थेंब गार पाण्यात सोडला, बोटांत धरून त्याची गोळी वळली. उजेडाकडं धरून पाहिली. निजाम शिकायला गेल्यापासून जे केलं तेच करायला त्यानं बोट तोंडाकडं नेलं…

आणि अर्ध्यात थांबला.

"शहरात जीभ बिगडली असंल तुजी," तो म्हणाला. डोळे अजून गोळीवरच होते. "बगू… तोंड उघड."

निजाम पुढं झाला. वाकावं लागलं, कारण दादा आता त्याच्यापेक्षा बुटका झाला होता. गौसनं गोळी त्याच्या जिभेवर ठेवली. बोटं खरबरीत होती, ठिकठिकाणी भाजलेली.

"खारट का गोड?"

मागची माणसं निजामच्या तोंडाकडं बघत उभी राहिली. काहील वाट बघत होती.

निजामला सांगता येईना. डोळ्यांतलं पाणी दाढीत उतरून ओठांवर आलं होतं, त्यामुळं खारट होतं. आणि आत गूळ होता, कोमट, धुरकट, तोच… तेहतीस वर्षांपूर्वीचा. तो तसाच तोंड मिटून उभा राहिला. गोळी जिभेवर होती. आपल्याला ती गिळायचा हक्क आहे का, हेच त्याला कळत नव्हतं.

चिपाडाच्या ढिगावर बसून उस्ताद उत्तराची वाट बघत होते. त्यांना दिसत काहीच नव्हतं. फक्त ऐकू येत होतं, की निजाम बोलत नाही आणि गौस हलत नाही.

मग ते म्हणाले,

"गिळ की रं आता… ईद हाय."